न उपसलेली काठी

१

माझ्या कानांतून सगळ्यात आधी चंडोल गेला. माणसांची बोलणी, शाळेची घंटा, नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या ट्रकांचे भोंगे, सगळं नीट ऐकू येत होतं. पण एकोणऐंशीच्या पावसाळ्यात एका सकाळी कारंजाच्या कुरणात उभा होतो. वर आभाळात चंडोल पंख फडफडवत होता, त्याचा गळा हलतानाही दुर्बिणीतून दिसत होता, आणि आवाज मात्र नाही. मला वाटलं, आज हा गात नाहीये. स्वतःचा दोष आधी दुसऱ्यात दिसतो, तो असा.

वर्ध्याच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, जाड मागून जातील. औषध नाही. मी कारंजा घाडगेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे औषध नाही म्हणजे नाही हे मला एकदाच सांगून पुरलं. घरी येऊन महिनाभर तोंड पाडून बसलो. गवतातलं पाखरू डोळ्यांनी सापडत नाही. ते मातीच्याच रंगाचं असतं. आधी गाणं ऐकायचं, मग वर बघायचं, मग ते कुठं उतरतं त्यावर नजर ठेवायची. कान गेले म्हणजे माझी बावीस वर्षांची नोंदवही बंद पडली.

तेव्हा कांता म्हणाली, मी येते सोबत. कांता माझी बायको. पाखरांशी तिचं काडीचं देणंघेणं नव्हतं. गाव मला पाखऱ्या गुरुजी म्हणायचं, त्यात ती हसून भर घालायची. पण तिचा कान असा होता की शेजारच्या घरात दूध उतू जायच्या आधी ती इथून हाक मारायची. मग रोज सकाळी बुद्धवंदना झाली की आम्ही दोघं निघायचो. ती थांबायची, बोटानं आभाळ दाखवायची, मी बघायचो आणि लिहायचो. चार वर्षं मी तिच्या कानांनी ऐकलं.

आमचं आणखी एक काम होतं. कुरणाचा दरवर्षी हर्रास, म्हणजे गवताचा लिलाव, व्हायचा आणि दसऱ्यानंतर गवत कापणारी माणसं उतरायची. तोवर काही पाखरं उशिरानं अंड्यांवर बसलेली असत. मी प्रत्येक घरट्याशेजारी पऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या कपाशीची, काठी रोवून तिला जुन्या धोतराची चिंधी बांधायचो. कापणाऱ्यांचा मुकादम कवडू. त्याचं आणि माझं ठरलेलं होतं की काठीभोवती दोन हात गवत उभं सोडायचं. पिल्लं उडाली की मी काठी उपसायची, मग ते उरलेलं कापायचे. ज्यानं रोवली त्यानंच उपसायची, हा कवडूचा नेम. आणि घरटं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काठी रोवायची नाही, हा माझा.

२

त्र्याऐंशीचा सप्टेंबर संपत आला होता. कुरणाच्या उतारावर, नाल्याच्या अलीकडे, गवत माझ्या छातीएवढं झालं होतं. कांता माझ्या पुढं दहा पावलं चालत होती. मी खाली बघून कुसळं झटकत होतो आणि मला चंडोल ऐकू आला.

मी जागच्या जागी थांबलो. गाणं उजव्या हाताला, वर, आणि इतकं स्वच्छ होतं की त्यातला एकेक तुकडा वेगळा काढून दाखवता आला असता. चार वर्षांनी ऐकत होतो. मला रडू आलं, आणि पंचावन्न वर्षांचा माणूस गवतात उभा राहून रडतो याची लाज वाटली नाही. कांताला हाक मारली, तर ती परत आली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी उजवीकडं वर बोट दाखवलं. तिनं कान दिला. बराच वेळ दिला.

तिकडं काहीच नाही, असं ती म्हणाली. डावीकडं दोन बोलताहेत, पार नाल्यापलीकडं एक आहे. उजवीकडं काही नाही.

डावीकडचे दोन मला ऐकू येत नव्हते. नाल्यापलीकडचाही नाही. मला ऐकू येत होता तो एकच, आणि तो तिला येत नव्हता. हे तेव्हाच माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. मी विज्ञान शिकवणारा माणूस. पण भुकेल्याला शिळ्या भाकरीचा वास येत नाही. मी गवत बाजूला सारत त्या आवाजाच्या अगदी खाली जाऊन उभा राहिलो. घरटं शोधलं, सापडलं नाही. आभाळात पाहिलं, पाखरू दिसलं नाही. तरी पिशवीतून काठी काढून रोवली आणि चिंधी बांधली.

"घरटं पाह्यलं का तुमी?" कांतानं विचारलं.

असेल इथंच, असं मी म्हणालो.

"न पाहता तुमी कधी काठी नाई रोवत. आज काऊन रोवून राह्यले?"

मी चिंधीची गाठ पुन्हा आवळली. ते गाणं माझं एकट्याचं होतं म्हणून रोवली, हे खरं उत्तर होतं.

३

दुसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं. कानात नुसती गुणगुण होते, म्हाताऱ्या कानांना असे भास होतात, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. म्हणून मी तपासायचं ठरवलं. त्या काठीपासून वीस पावलं लांब उभा राहिलो आणि दोन्ही कानांत कापूस कोंबला. गाणं थांबलं. कापूस काढला, गाणं सुरू. मान वळवली तर ते एका कानात मोठं झालं, दुसऱ्यात लहान. म्हणजे आवाज बाहेरचा होता. माझं समाधान झालं. चुकीच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं की माणूस किती खूश होतो, हे मी पोरांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी बघायचो.

मग घड्याळ लावलं. चंडोल वर चढतो, दोन-तीन मिनिटं गातो, गाणं तोडतो आणि दगडासारखा खाली येतो. कधी पाच मिनिटं होतात. त्याच्या छातीत तरी किती वारा मावणार. मी घड्याळ हातात धरून उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. चाळीस मिनिटांनी माझी मान भरून आली आणि शाळेची वेळ झाली. गाणं एकदाही तुटलं नव्हतं आणि आभाळात काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी वहीत त्या जागेची नोंद करायला गेलो आणि हात अडला. पाखराचं नाव काय लिहायचं? चंडोल लिहिलं, मग खोडलं. रकाना रिकामा ठेवला.

त्याच आठवड्यात मला बाकीचे चंडोलही ऐकू येऊ लागले. आधी डावीकडचे दोन, मग नाल्यापलीकडचा. घरी आलो तर चुलीतल्या काटक्यांची तडतड ऐकू आली. कांताच्या बांगड्या ऐकू आल्या. रात्रभर भिंतीतला कीडा लाकूड कुरतडत होता, तोही मी ऐकला, आणि झोप मोडली तरी आनंदच झाला. सकाळी चहा पिताना हे सगळं मी तिला सांगत होतो. ती माझ्याकडं बघून हसत होती. माझ्या तिसऱ्या वाक्यानंतर ती म्हणाली, जरा मोठ्यानं बोला ना.

४

आधी तिच्या कानांतून बारीक पाखरं गेली. कुरणात ती थांबायची, बोट उचलायची आणि परत खाली घ्यायची. आज चंडोल गप्प आहेत, असं म्हणायची. मला तर सात ऐकू येत असत.

मग घरातलं एकेक जायला लागलं. दूध उतू जाऊन चूल विझली, ती पाठमोरी भाजी चिरत राहिली. दाराची कडी वाजली तर मी उठायचो. सकाळची वंदना आमच्या घरी तीच सुरू करायची, मी मागून म्हणायचो. एक दिवस ती मध्येच थांबली. डोळे मिटलेले, हात जोडलेले, पुढचा शब्द ओठांवर आलेला. मी वाट पाहिली. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, मी म्हणून राहिले की नाई, ते मलाच कळत नाहीये.

मला भीती वाटली, हे खोटं नाही. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि तेही सांगतो. मी तिचा श्वास ऐकत होतो. तिच्या लुगड्याची सळसळ ऐकत होतो. बत्तीस वर्षांच्या संसारात ती अंगणातून घरात येते तेव्हा तिची जोडवी फरशीला लागतात, हे मला पहिल्यांदा कळत होतं. हे सोडावंसं वाटत नव्हतं. दोघांचे मिळून दोनच कान आहेत आणि ते इकडून तिकडं सरकताहेत, हे मला समजलं होतं, आणि मी तोंडातून शब्द काढत नव्हतो.

तिला मी वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी तिचे कान पाहिले, मग माझे. माझे पाहून त्यांनी जुना कागद काढला, दोनदा वाचला आणि कागदच चुकला असेल म्हणून ठेवून दिला. परतीच्या बसमध्ये तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. त्याची गरज नव्हती.

"ते काठी उपसून टाका जी," ती म्हणाली. "तुमी ते रोवली तवापासून हाये हे."

मी मान हलवली. उद्या, असं मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नसेल, पण ओठांवरून कळलं असावं. तिनं माझा हात धरला आणि तो गाव येईपर्यंत सोडला नाही.

५

उद्या शाळेत तपासणी होती. परवा बाजार. मग दसरा आला आणि आम्ही दरवर्षीसारखे दीक्षाभूमीवर गेलो. लाखो माणसांच्या गर्दीत कांता शांत चेहऱ्यानं चालत होती, जशी एकटीच शेतातून चाललीय. तिथून आल्यावर कापणी लागली.

कवडूची माणसं कुरणाच्या वरच्या अंगानं कापत खाली आली. मी रोज जाऊन काठ्या उपसत होतो. पिल्लं उडालेली होती, घरटी रिकामी होती. अठरा काठ्या रोवल्या होत्या, सतरा उपसल्या. बाया मागून येऊन उरलेलं गवत कापून भारे बांधत होत्या. कुरण दाढी केल्यासारखं साफ झालं. उतारावर न कापलेल्या गवताचा एकच पुंजका उभा राहिला.

तो दोन हातांचा नव्हता. कापणाऱ्यांनी तिथं दहा-बारा पावलं सगळीकडून सोडली होती. मी कवडूला विचारलं, इतकं का सोडलं. त्यानं विळ्याची धार अंगठ्यानं चाचपली आणि दुसरीकडं बघितलं.

"बाया जवळ नाई जात, गुरुजी. म्हनतात, तिथं खाली कोनी निजलं हाये असं वाटते. पायाखाली गरम लागते."

तू पाहिलंस का, असं मी विचारलं.

"म्या काऊन पाहू? काठी तुमची हाये. तुमी उपसा, म्या माह्या हातानं कापतो. मंगळवारी आमचा डेरा उठते."

तो शुक्रवार होता. मी काठीपर्यंत गेलो. खरंच गेलो. गवतात हात घालून काठी धरली. आणि त्याच वेळी नाल्याच्या काठानं एक डोंबारी चंडोल वर चढला आणि शीळ घालत उलटासुलटा खाली आला. ती शीळ मी शेवटची अठ्ठ्याहत्तर साली ऐकली होती. मी हात काढून घेतला. दोन दिवस आणखी, असं मनाशी म्हणालो. मंगळवारच्या आत उपसली म्हणजे झालं.

परतताना एक गोष्ट ध्यानात आली. मी अगदी त्या काठीपाशी उभा होतो, आणि ते न तुटणारं गाणं मला ऐकू आलं नव्हतं. घरी आलो. कांता ओट्यावर बसली होती. तिचा चेहरा इतका निवळलेला मी किती वर्षांत पाहिला नव्हता. मी पाटीवर लिहून विचारलं, बरं वाटतं का. हल्ली मी पाटीवर लिहायचो.

"आता बाकी काईच नाई राह्यलं," ती म्हणाली. "तो तेवढा ऐकू येते मले. तुमचा. उजवीकडचा."

६

सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा तिचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं. चूल पेटवलेली नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. मी चपलाही न घालता निघालो, आणि रस्त्यावरच्या ढाब्यापाशी कोणीतरी सांगितलं की गुरुजीनबाई कवाच पुढं गेल्या.

ऊन वर आलं होतं. कापलेल्या कुरणात खुरटं गवत तळव्यांना टोचत होतं. वर चंडोल गात होते, मी चालता चालता मोजले, अकरा. सवय माणसाला कुठं सोडत नाही. लांबून उतारावरचा पुंजका दिसत होता आणि त्याच्या मध्यावर माझी चिंधी.

गवत सारून आत शिरलो. चार पावलांवर ते आडवं झालेलं होतं. नुसतं तुडवलेलं नव्हतं, विणलेलं होतं. चंडोल झुडपाच्या सावलीला जमिनीत वाटीएवढा खळगा करतो, त्यात काड्या गोल फिरवतो आणि आतून मऊ गवत लावतो. हेही तसंच होतं. काडीन्‌काडी तशीच. फक्त त्यात एक बाई मांडी घालून बसू शकेल एवढं होतं. काठ माझ्या गुडघ्यापर्यंत आले होते. आतलं अस्तर काळ्या-पांढऱ्या केसांचं होतं, आणि इतके केस कांताच्या डोक्यावर नव्हते.

ती आत बसली होती. गुडघे छातीशी घेतलेले, पाठ माझ्याकडं. मी हाक मारली. ऐकू जाणार नव्हतं, तरी मारली. मग खांद्याला हात लावला. खांदा तापलेला होता. ती वळली नाही. तिची मान मागं टाकलेली होती आणि डोळे मिटलेले होते. तोंड उघडं होतं. बोलायला उघडतात तसं नाही. घरट्यातली डोळे न उघडलेली पिल्लं आई आली की जसं उघडतात, पार आतलं लाल दिसेपर्यंत, तसं.

तेव्हा मी काठी धरली आणि जोर लावला. पऱ्हाटीची हलकी काठी ती, पोरगंही एका हातानं उपसेल. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. तिनं मूळ धरलं होतं.

आणि अकराही चंडोल एकदम गप्प झाले. ससाणा आला की होतात तसे. मी सव्वीस वर्षं या कुरणात काढली आहेत, आभाळात ससाणा असता तर मी तो पाहिला असता. आभाळ रिकामं होतं. फक्त पुंजक्याच्या एका टोकाकडून सावली गवतावरून सरकत आली, कांताच्या पावलांवर चढली, गुडघ्यांवर चढली. ती सावली वाढतच होती. वरून काहीतरी खाली येत होतं आणि त्याला येण्याची घाई नव्हती. कांताचं तोंड अजून उघडलं.

मी काठी सोडली, आणि तिलाही.

७

कवडूनं आणि त्याच्या माणसांनी दुपारी तो पुंजका चारी बाजूंनी पाहिला. पोलीस पाटील आले, मग ठाण्यातून जमादार आले. आत आडवं झालेलं गवत होतं, दुसरं काही नाही. काठी मी सगळ्यांसमोर उपसली. ती सहज आली, आणि तिच्या टोकाला नुसती माती होती. नाला शोधला, विहिरी शोधल्या. पुलगावला दिलेली आमची पोरगी आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. डोक्यावर परिणाम झाला असेल, ऐकू येत नव्हतं, रस्त्यावर ट्रक किती, असं लोक म्हणाले. मी मान हलवत राहिलो.

आता माझ्या कानांना काही झालेलं नाही. वर्ध्याचे डॉक्टर म्हणतात, या वयात असे कान पाहिले नाहीत. कुरणात मी जात नाही, पण घरात बसून मला तिथले चंडोल ऐकू येतात. दार लावून घेतलं तरी येतात.

जमादारांना मी सगळं सांगितलं. ती घरट्यात बसली होती, मी काठी ओढली, भ्यालो आणि पळालो, हेही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. एक तेवढं सांगितलं नाही.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. कांतानं कधीच घेतलं नाही. लग्नात सगळ्यांनी आग्रह केला तेव्हाही ती पदर तोंडात धरून बसली होती. मी तिच्यासाठी बत्तीस वर्षं अहो होतो, जी होतो, पोरीचा बाप होतो. त्या सकाळी मी कापलेल्या गवतातून धावत होतो, तळवे फाटले होते, पुंजका शंभर पावलं मागं राहिला होता. आणि मागून तिनं हाक मारली. घाबरलेली, शुद्धीवर आलेली, तिचीच. पाखराची नक्कल नव्हती ती, मला पाखराची नक्कल कळते.

"प्रेमदास," असं ती म्हणाली. एकदाच.

मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी थांबलो नाही.